आजच्या रात्रीचा आसरा

१९९१ सालची गोष्ट. पुण्यात ‘होप’ या संस्थेत गरीब बायकांसाठी काम करणाऱ्या सिस्टर ल्युसी कुरियन यांच्याकडे एक बाई आली. पोटात सात महिन्यांचं मूल. नवरा दारू पिऊन मारतो, दुसरी बाई घरात आणायची म्हणतो, जिवावर उठलाय, मला इथं राहू द्या, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. सिस्टर स्वतः कॉन्व्हेंटमध्ये राहत. बाहेरच्या बाईला तिथं ठेवून घ्यायचं तर वरिष्ठांना विचारायला हवं होतं. त्यांनी तिला धीर दिला, उद्या ये, काहीतरी मार्ग काढू, असं सांगितलं. बाई परत गेली.

त्याच रात्री किंकाळ्या ऐकू आल्या. सिस्टर धावत बाहेर आल्या तर तीच बाई पेटलेली. नवऱ्यानं रॉकेल ओतून काडी लावली होती. तिला दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. पोटातलं बाळही गेलं.

गेली कित्येक वर्षं सिस्टर ल्युसी ही हकिगत जाहीरपणे सांगत आल्या आहेत. त्यांनी ती लपवली नाही, की तिला सौम्य केलं नाही. त्यांच्या हातून कुठलाही नियम मोडला नव्हता. नियम पाळला गेला आणि बाई जळाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांवर ज्या बाईनं आयुष्य उभं केलं, तिच्यासमोर त्या रात्रीनं एक सरळ प्रश्न ठेवला: ज्या घरात मी राहते त्या घराचं दार रात्री कुणासाठी उघडतं?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरातल्या आपण सगळ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. मी तो हिंजवडीजवळच्या मारुंजी गावाच्या संदर्भात विचारणार आहे. त्याआधी, हा प्रश्न मनावर घेणाऱ्या एका बाईनं पुढं काय केलं ते पाहू.

वढू बुद्रुकचं घर

सिस्टर ल्युसी यांचा जन्म १९५६चा, केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या कोळयाडचा. शाळेच्या वयातच त्या शिक्षणासाठी मुंबईला आल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्या त्यांनी पहिल्यांदा पाहिल्या त्या याच काळात, आणि पुढं धर्मभगिनी होण्याच्या निर्णयात या दर्शनाचा वाटा होता. १९९१च्या त्या रात्रीनंतर काही काळ त्या पार खचल्या. पुण्यातले जेझुइट विद्वान फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना सावरलं आणि तुला जे करावंसं वाटतं ते कर, असं बळ दिलं. ऑस्ट्रियातून देणगी मिळाली. वढू बुद्रुकला जागा घेतली, छोटं घर बांधलं आणि २ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘माहेर’ सुरू झालं.

वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात येतं. पुण्याहून नगर रस्त्यानं वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा, कोरेगाव भीमा असं जात डावीकडं वळलं की हे गाव लागतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळं महाराष्ट्रभर माहीत असलेलं. डिसेंबर २०१७च्या अखेरीस संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केल्याचं मानलं जाणाऱ्या, इथल्याच गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसाचार उसळला. शिक्रापूरवरून चाकण आणि चाकणवरून पिंपरी-चिंचवड, असा हा सगळा कारखान्यांचा पट्टा एकमेकाला जोडलेला आहे. माहेर या पट्ट्यातच वाढलं.

एक घर होतं तिथं आता वेगवेगळ्या राज्यांत मिळून पन्नासहून अधिक घरं आहेत. मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका, घरानं टाकलेल्या गरोदर मुली, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रिया, अनाथ मुलं, म्हातारीकोतारी माणसं, असे सगळे तिथं राहतात. मुलांची व्यवस्था मोठ्या वसतिगृहासारखी नाही. लहान लहान घरं, प्रत्येक घराला गृहमाता, आणि पुष्कळदा ही गृहमाता स्वतःच कधीकाळी आसऱ्याला आलेली असते. माझ्या मते माहेरच्या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. आलेल्या बाईला वर्षानुवर्षं ‘पीडित’ म्हणून बसवून ठेवलं तर ती आणखी खचते. तिच्या हाती दहा-वीस मुलांचं घर दिलं की तिच्यावर कुणीतरी अवलंबून आहे, ही जाणीव तिला उभं करते. ज्यांना सासरी परत जायचं असतं त्यांच्यासाठी समेटाचा प्रयत्न होतो, ज्यांना जायचं नसतं त्यांना काम शिकवलं जातं. वस्त्यांमधून बालवाड्या आणि बचत गट चालतात.

पुण्याची जुनी परंपरा

एका मल्याळी धर्मभगिनीनं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात बायकांसाठी घर उघडलं, याचं कुणाला नवल वाटेल. पण या जिल्ह्यात अशी घरं उघडण्याची परंपरा जुनी आहे, आणि प्रत्येक वेळी ते घर उघडणाऱ्याला लोकांचा रोष सोसावा लागला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये, ठेवून जावं. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि यशवंत म्हणून वाढवला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी कितीतरी निराधार मुली गोळा करून केडगावला नेल्या. त्याच १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला.

रमाबाई प्रॉटेस्टंट होत्या, सिस्टर ल्युसी कॅथलिक. दोघींनाही एकच प्रश्न विचारला गेला: तुम्ही धर्म बदलायला आला आहात का? १८९३च्या सुमारास शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती केल्या जात असल्याची ओरड झाली, ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. शंभर वर्षांनी वढू बुद्रुकलाही गावकऱ्यांच्या मनात हीच शंका होती. ही शंका मी वेडगळ मानत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला छप्पर देताना त्याच्या देवाची अदलाबदल मागणं हा दुबळ्याचा गैरफायदाच आहे, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो. त्यामुळं अशा संस्थेला हा प्रश्न विचारायचा हक्क गावाला आहे.

माहेरनं त्याचं उत्तर कामातून दिलं. येणाऱ्याची जात आणि धर्म पाहून दार उघडत नाही. दिवाळी, ईद आणि नाताळ तिन्ही साजरे होतात. कर्मचाऱ्यांत आणि विश्वस्तांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. आलेली बाई ज्या देवाला हात जोडत आली, त्याच देवाला हात जोडत राहते. पुढं सिस्टर ल्युसी यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पण माझ्या लेखी त्यापेक्षा मोठी पावती ही, की ज्या खेड्याला सुरुवातीला शंका होती तिथंच हे काम पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकलं आणि पसरलं.

तिथंच राहणारी माणसं

कॅथलिक मिशनऱ्यांचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या शाळा आणि दवाखाने येतात. त्यांच्यातल्या काहींनी जिवाची किंमत मोजली, ती मात्र शाळा-दवाखान्यांच्या भिंतींबाहेर.

इंदूर आपल्याला होळकरांमुळं जवळचं. त्या भागात उदयनगरला सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतकऱ्यांत काम करत. सावकारांच्या कचाट्यातून सुटायचं कसं, बचत करायची कशी, सरकारी योजना मिळवायच्या कशा, हे त्या लोकांना शिकवत. ज्यांचं व्याज बुडत होतं त्यांना हे खपलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडं निघालेल्या प्रवासी बसमध्ये समंदर सिंह या माणसानं सगळ्यांदेखत त्यांना भोसकून मारलं. पुढं त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात गेल्या आणि मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ साली तो सुटला, तो पश्चात्तापानं बदललेला माणूस म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये कॅथलिक चर्चनं राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाआधीच्या पायरीवर, घोषित केलं.

झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात सिस्टर वल्सा जॉन संथाळ आदिवासींमध्ये त्यांच्याच गावात राहत होत्या. कोळशाच्या खाणीसाठी जमिनी जात होत्या, त्याविरुद्ध त्या गावकऱ्यांबरोबर उभ्या राहिल्या. १५ नोव्हेंबर २०११च्या रात्री जमावानं घरात घुसून त्यांना ठार मारलं. येमेनमधल्या एडन शहरात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनी वृद्धाश्रम चालवत होत्या. युद्ध पेटल्यावरही म्हाताऱ्यांना सोडून त्या गेल्या नाहीत. ४ मार्च २०१६ रोजी बंदूकधाऱ्यांनी तिथं सोळा जणांना मारलं. त्यांत चार भगिनी होत्या, आणि त्यांतली एक झारखंडची.

फादर स्टॅन स्वामी यांचं नाव पुण्याला वेगळ्या कारणानं माहीत आहे. रांचीजवळ राहून त्यांनी आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांवर आणि नक्षलवादी ठरवून वर्षानुवर्षं तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांवर काम केलं. पुण्यात भरलेल्या एल्गार परिषदेच्या खटल्यात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. वय त्र्याऐंशी, हाताला पार्किन्सनचा कंप, पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला. खटला सुरू होण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

या सगळ्यांचे विचार एकसारखे नव्हते, कामंही वेगळी होती. एक गोष्ट मात्र सगळ्यांत समान दिसते. ही माणसं ज्यांच्यासाठी काम करत, त्यांच्यात राहत. राणी मारिया गावकऱ्यांच्याच बसनं जात होत्या. वल्सा जॉन यांचं अंथरूण संथाळ गावात होतं. एडनच्या भगिनी म्हाताऱ्यांच्या शेजारच्या खोल्यांत झोपत. म्हणूनच हल्लेखोर त्यांच्यापर्यंत पोचू शकले, आणि म्हणूनच गरीबही त्यांच्यापर्यंत पोचू शकत होते. गरिबांची सेवा करणारे पुष्कळ असतात, पण संध्याकाळी साडेपाचनंतर त्यांच्यातले किती जण तिथं असतात? मार सुरू होतो तो रात्री. तेव्हा ऑफिस बंद असतं, कार्यकर्ता घरी गेलेला असतो. जो तिथंच राहतो, तोच दार उघडू शकतो.

मारुंजीतल्या पत्र्याच्या खोल्या

आता मारुंजीकडं येऊ. मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला लागून असलेलं हे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला आणि पंचवीस वर्षांत भाताची खाचरं जाऊन टॉवर उभे राहिले. रस्त्यावर दिवसभर मिक्सरचे ट्रक आणि पाण्याचे टँकर. टॉवर बांधणारी माणसं मात्र टॉवरच्या मागच्या बाजूला, लेबर कॅम्पमध्ये राहतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची, छत्तीसगडची, ओडिशाची, आणि झारखंडचीही. ज्या झारखंडातल्या जमिनींसाठी वल्सा जॉन आणि स्टॅन स्वामी झगडले, त्याच झारखंडातून उठून आलेली कुटुंबं आपल्या इथं विटा आणि सिमेंटची पोती वाहतात.

कॅम्पमधली खोली पाहिली की बरंच काही उमगतं. पत्र्याचीच भिंत, पत्र्याचंच छप्पर, दहा बाय दहाची जागा. कोपऱ्यात छोटा गॅस, दोरीवर कपडे, पत्र्याला बांधलेल्या साडीच्या झोळीत पोर. उन्हाळ्यात आतल्यापेक्षा बाहेर झोपणं बरं. शेजारच्या खोलीत कुणी खोकला तरी ऐकू येतं. म्हणजे तिथं एखाद्या बाईला मार बसतो तेव्हा तो दोन्हीकडच्या चार-चार खोल्यांना ऐकू जातो. नवरा-बायकोचं भांडण, आपण मध्ये कशाला पडायचं, असं म्हणून लोक कूस बदलतात. परराज्यातून आलेल्या बाईला इथली भाषा येत नाही. तिचं माहेर हजार-पंधराशे किलोमीटरवर. दोघांची मजुरी मुकादम बरेचदा नवऱ्याच्याच हातात ठेवतो. फोन त्याच्याकडे, आधार कार्ड त्याच्याकडे. खोलीसुद्धा कामावर आहे तोवरच. तिनं कॅम्प सोडला तर रात्री जायचं कुठं?

गरिबांच्या खोल्यांकडं बोट दाखवून थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. टॉवरच्या भिंती जाड असतात म्हणून आवाज बाहेर येत नाही, एवढाच फरक. मे २०२५मध्ये याच मुळशी तालुक्यातल्या भुकूमच्या एका सुनेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याच्या आरोपांनी सारा महाराष्ट्र हादरला. पैसा, गाडी, सोनं, प्रतिष्ठा यांतलं काहीच तिच्या मदतीला आलं नाही. पुण्याला हे नवं नाही. १९८२ साली मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूनं शहर असंच अस्वस्थ झालं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शानं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशपातळीवर हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली. तीन-चतुर्थांशांहून अधिक जणी कुणाला बोलल्यासुद्धा नाहीत. मदत मागणारी बाई ही आधीच पुष्कळ धैर्य गोळा करून आलेली असते. तिला परत पाठवलं तर ती दुसऱ्यांदा येण्याची शक्यता फार थोडी.

कायदा आहे, घर नाही

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ८५वं आहे. २००५चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू आहे, आणि तो चांगला कायदा आहे. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क तो बाईला देतो. संरक्षण अधिकारी देतो. अर्ज आल्यावर न्यायालयानं पहिली तारीख सहसा तीन दिवसांच्या आत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं सांगतो. कायद्याच्या सहाव्या कलमानुसार बाईनं किंवा संरक्षण अधिकाऱ्यानं मागणी केली तर निवारागृहानं तिला आसरा द्यायलाच हवा. २०१५पासून सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तिथं तात्पुरतं राहता येतं. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे फोन क्रमांक आहेत.

पण कलम सहा लागू व्हायचं तर निवारागृह असावं लागतं, आणि ते पोचता येईल इतकं जवळ असावं लागतं. मारुंजीहून वढू बुद्रुक पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. मध्ये हिंजवडीची कोंडी, पुणे शहर, नगर रस्ता. कडेवर पोर घेऊन, पैसे नसलेली, वाट माहीत नसलेली बाई रात्री अकराला तिथं कशी पोचणार?

म्हणून मागणी सरळ आहे. मारुंजी-हिंजवडी परिसरात बायकांसाठी रात्री उघडणारं एक घर हवं, आणि त्या घरात कुणीतरी कायम राहणारं हवं. पैशाची अडचण सांगू नये. कंपनी कायदा २०१३च्या १३५व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या अनुसूचीत स्त्रियांसाठी व अनाथांसाठी घरं आणि वसतिगृहं उभारणं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. या पट्ट्याइतक्या अशा कंपन्या देशात फार थोड्या ठिकाणी असतील. बिल्डरांवरही जबाबदारी आहे. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या साइटवर पाळणाघर बंधनकारक केलं होतं. ते खरंच चालू असेल तर तिथली ताई रोज त्या बायकांना भेटते. कुणाच्या अंगावर वळ आहेत ते तिला सर्वात आधी दिसतं. तिला संरक्षण अधिकाऱ्याचा आणि निवारागृहाचा क्रमांक द्या, आणि तो वापरायची मुभा द्या.

खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरमालकांनी, सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी, ग्रामपंचायत सदस्यांनी एवढं ठरवावं, की मारहाणीचा आवाज आला तर जाऊन दार वाजवायचं आणि ११२ला फोन करायचा. शेजारी आल्याचं कळलं की पुष्कळदा हात थांबतो. हात थांबला नाही तर निदान साक्षीदार मिळतो.

ख्रिस्ती समाजाकडूनही माझी अपेक्षा आहे. पुणे हे कॅथलिक धर्मशिक्षणाचं देशातलं एक मोठं केंद्र आहे. पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठात देशभरातून तरुण शिकायला येतात. त्यांनी शिक्षणाचे काही महिने या लेबर कॅम्पांच्या शेजारी राहून काढावेत. झारखंडची, छत्तीसगडची भाषा बोलणारे विद्यार्थी त्यांच्यात असतात. कॅम्पमधल्या बाईला तिच्या भाषेत बोलणारं माणूस मिळणं, ही सुरुवातही मोठी आहे. हेच आवाहन वारकरी संस्थांना, गुरुद्वारांना, मशिदींच्या ट्रस्टना, नवरात्र आणि गणेश मंडळांनाही. माहेरनं दाखवून दिलं आहे की आसऱ्याला आलेल्या बाईचा देव बदलावा लागत नाही, आणि आसरा देणाऱ्याचाही नाही.

सिस्टर ल्युसी यांना एका मृत्यूनंतर सहा वर्षं लागली. त्यांच्याकडे पैसा नव्हता, जमीन नव्हती, घर उभारण्याचा अनुभव नव्हता. मारुंजीत जमीन आहे, पैसा आहे, इमारती आहेत, कायदा आहे, आणि हे कसं करायचं ते दाखवणारं घर याच जिल्ह्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कुठल्या तरी बाईचं नाव वर्तमानपत्रात छापून येईपर्यंत वाट पाहण्याचं एकही कारण आपल्याकडं उरलेलं नाही.